जेऊरची दोन मिनिटं

सोलापूरहून पुण्याकडे जाणाऱ्या रेल्वेत कुर्डुवाडी मागे पडलं की केम येतं आणि मग जेऊर. करमाळा तालुक्यातलं हे स्टेशन. बऱ्याच जलद गाड्या इथे थांबत नाहीत. खिडकीतून बघणाऱ्याला पाटी दिसते न दिसते तोच गाव मागे गेलेलं असतं. सूर्याच्या अभ्यासाच्या इतिहासात मात्र या पाटीवरचं नाव पक्कं कोरलेलं आहे. 22 जानेवारी 1898 या दिवशी सूर्य इथे सुमारे दोन मिनिटं पूर्ण झाकला गेला होता. तो पाहायला एक चमू कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेतून आला होता आणि दुसरा पुण्याच्या सायन्स कॉलेजातून.

मी सोलापूरच्या शुक्रवार पेठेत राहतो. आमच्या शहराचा इतिहास सांगताना सिद्धरामेश्वर, भुईकोट किल्ला, गिरण्या, 1930 चा मार्शल लॉ आणि चार हुतात्मे एवढं हमखास येतं, आणि यायलाच हवं. पण अवकाशातल्या दुर्बिणींविषयी, विशेषतः ‘आदित्य-एल1’विषयी वाचायला लागल्यावर माझ्या लक्षात आलं की या कहाणीचा एक धागा आपल्याच जिल्ह्यातून जातो. तो पुन्हा हातात घ्यावा, एवढाच या लेखाचा हेतू.

आधी एक खुलासा. जेऊर नावाचं आणखी एक गाव अहिल्यानगरजवळ आहे. ग्रहणाचं जेऊर ते नव्हे. 1898 च्या ग्रहणाची सावली कोकणात विजयदुर्गापाशी किनाऱ्यावर चढली आणि ईशान्येकडे सरकत विदर्भात पुलगावकडे गेली. नकाशावर या दोन ठिकाणांमध्ये पट्टी ठेवली, तर ती करमाळ्याच्या जेऊरजवळून जाते. नगरचं जेऊर त्याच्या उत्तरेला शंभरेक किलोमीटर राहतं. सावलीचा पट्टा तसा अरुंद होता, त्यामुळे खुद्द सोलापूर शहरही त्याच्या बाहेरच राहिलं. शहरात दिसलं ते खंडग्रास. खग्रास पाहायचं, तर गाडीत बसून जेऊर गाठणं भाग होतं.

प्लेगच्या वर्षातलं ग्रहण

तो काळ कसा होता, हे विसरून ही गोष्ट सांगता येत नाही. 1896-97 च्या दुष्काळाने सोलापूर जिल्हा पिळून निघाला होता. 1896 च्या पावसाळ्याअखेर मुंबईत प्लेग उघड झाला आणि पुढच्या वर्षी पुण्यात शिरला. घरोघर शिरून होणाऱ्या तपासण्या, विलगीकरणाच्या छावण्या, लोकांचा संताप आणि 22 जून 1897 च्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर झाडलेली गोळी, हे सगळं ताजं होतं. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेत तुरुंगात होते.

अशा दिवसांत मुंबईच्या बंदरात दूरदेशीच्या वेधशाळांच्या पेट्या उतरत होत्या. ग्रहणाचा दिवसही आपल्याकडच्या समजुतींना पुरून उरेल असा होता: पौष अमावास्या, त्यातही शनिवार. ग्रहणाचे वेध पाळणारी, अन्नपाण्यावर तुळशीपत्र ठेवणारी, ग्रहण सुटल्यावर स्नान करून दान देणारी घरं तेव्हा सोलापुरातही असणार आणि जेऊरमध्येही. एकाच सूर्याकडे पाठ फिरवून बसलेली माणसं आणि त्याच सूर्याकडे काचा रोखून उभी असलेली माणसं, दोन्ही त्या दिवशी एकाच शिवारात होती. एकाला अडाणी आणि दुसऱ्याला शहाणं म्हणून मोकळं होण्याचा मोह मला टाळावासा वाटतो. दुष्काळ आणि प्लेग अंगावर घेतलेल्या माणसाने आकाशातल्या अंधाराला घाबरावं, यात नवल काय?

शास्त्रज्ञांनी दख्खनचं पठार निवडलं, त्याला कारण होतं. जानेवारीत इथे आकाश कोरडं आणि निरभ्र असतं. शिवाय रेल्वे होती. 1860 मध्येच रुळ सोलापूरपर्यंत पोहोचले होते. टनावारी सामान बैलगाडीतून डोंगर चढवण्यापेक्षा स्टेशनाजवळच तळ ठोकणं केव्हाही सोयीचं. म्हणूनच त्या वर्षीच्या ग्रहणाच्या छावण्यांची बरीचशी नावं रेल्वेच्या वेळापत्रकातून उचलल्यासारखी वाटतात: जेऊर, पुलगाव, वऱ्हाडातलं तळणी. विजयदुर्ग तेवढं समुद्रमार्गाचं. तिथे नॉर्मन लॉकियर ब्रिटिश आरमाराच्या जहाजावरच्या खलाशांना मदतीला घेऊन बसले होते.

या विजयदुर्गाबद्दल आपल्याकडे एक गोष्ट वारंवार सांगितली जाते: लॉकियर यांनी 18 ऑगस्ट 1868 च्या ग्रहणात किल्ल्यावरच्या ‘साहेबाच्या ओट्या’वरून हेलियमचा शोध लावला. त्या दिवशी लॉकियर भारतात नव्हते. त्या ग्रहणात फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन गुंटूरला होते, तर धाकटे जॉन हर्शेल जमखंडीला. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाला ग्रहणाशिवायही वर्णपटात पाहता येतात, हे जान्सेन यांना दुसऱ्याच दिवशी उमगलं. लॉकियर यांनी तेच स्वतंत्रपणे ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून करून दाखवलं. हेलियमची पिवळी रेघ आणि तिचं नाव ही त्यानंतरची हकिकत. लॉकियर विजयदुर्गाला आले ते तीस वर्षांनी, 1898 मध्ये. किल्ल्याचं महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. उलट, कोकणातला तो ओटा आणि करमाळ्याचं हे स्टेशन एकाच सावलीने जोडलेले आहेत, हे लक्षात येतं.

पुण्याचा पारशी प्राध्यापक

जेऊरच्या पुणेरी चमूचे प्रमुख होते कावसजी दादाभाई नायगमवाला. ते आधी मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात होते. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी 1882 मध्ये कॉलेजला 5,000 रुपयांची देणगी दिली. मुंबई सरकारने तेवढीच भर घातली. या पैशांतून वर्णपटाचा अभ्यास करणारी वेधशाळा उभारायची, असं ठरलं. नायगमवाला यांनी इंग्लंडला जाऊन जाणकारांशी सल्लामसलत केली. पुढे त्यांची बदली पुण्याच्या सायन्स कॉलेजात झाली आणि वेधशाळाही पुण्यात आली. आज जे सीओईपी म्हणून ओळखलं जातं, तेच हे कॉलेज. 1888 मध्ये महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा कामाला लागली. तिथली डब्लिनच्या ग्रब कंपनीची 20 इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी देशातली सर्वांत मोठी होती.

जेऊरच्या ग्रहणाचा नायगमवाला यांचा अहवाल या वेधशाळेच्या प्रकाशनमालेचा पहिला खंड म्हणून 1902 मध्ये छापला गेला. एका भारतीय माणसाने, भारतीय देणगीतून उभ्या राहिलेल्या वेधशाळेच्या वतीने, आपल्या जमिनीवरून घेतलेले वेध जगापुढे ठेवले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही साधी गोष्ट नव्हती. तेव्हाच्या ग्रहणमोहिमांत भारत म्हणजे बहुधा सावली पडण्याची जागा असे, निरीक्षकांचा देश नसे.

नंतरचं वाचताना मात्र मन खिन्न होतं. नायगमवाला 1912 मध्ये निवृत्त झाले आणि त्यांच्याबरोबर वेधशाळाही संपली. उपकरणं बांधून कोडाईकनालला पाठवली गेली. चोवीस वर्षांचं काम एका माणसाच्या निवृत्तीबरोबर आवरलं गेलं. दुर्बीण टिकली, पण ती पुण्यात चालवणारी पुढची पिढी काही उभी राहिली नाही. हा मुद्दा मी पुढे पुन्हा घेणार आहे.

हिरवी रेघ

दुसऱ्या चमूचे प्रमुख होते लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्पबेल. त्यांच्याकडे 40 फूट लांबीचा कॅमेरा होता. एवढी लांबी कशासाठी? भिंग आणि काच यांच्यातलं अंतर जितकं जास्त, तितकी सूर्याची प्रतिमा मोठी पडते. 40 फुटांवर ती सुमारे 11 सेंटिमीटर व्यासाची होते. इतका लांब कॅमेरा सूर्यामागे वळवत राहणं अवघड, म्हणून तो एकाच दिशेला रोखून पक्का बसवत आणि प्रतिमेच्या गतीने फोटोची काच सरकवत. हा सगळा डोलारा दोन मिनिटांसाठी. आधी कोणती काच, किती सेकंद, केव्हा बदलायची, याचा सराव अशा छावण्यांत पुन्हापुन्हा होई, कारण चुकलेल्या सेकंदाची भरपाई थेट पुढच्या ग्रहणात, तीही पृथ्वीच्या पाठीवर दुसऱ्याच कुठेतरी.

या दोन मिनिटांत बघायचं काय होतं? सूर्याची तबकडी झाकली गेली की तिच्याभोवती मोत्यासारखा फिकट उजेड दिसतो. त्याला आपण किरीट किंवा प्रभामंडळ म्हणतो. तो नेहमीच असतो, पण तबकडीपेक्षा लाखो पटींनी मंद असल्यामुळे एरवी दिसत नाही. 1869 मध्ये अमेरिकेतल्या ग्रहणात यंग आणि हार्कनेस यांना या किरीटाच्या वर्णपटात एक हिरवी रेघ सापडली. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या जागी असतात. त्या जागांवरून मूलद्रव्य ओळखतात, जशी बोटांच्या ठशांवरून माणसं. ही रेघ 531.7 नॅनोमीटरला आहे असं धरलं गेलं. त्याच जागी सूर्याच्या वर्णपटात एक ओळखीची रेघ होती. जवळजवळ तीस वर्षं ही समजूत चालली.

1898 मध्ये भारतातून घेतलेल्या वर्णपटांनी ती मोडली. विजयदुर्गचे आणि जेऊरचे फोटो मोजल्यावर रेघ 530.3 नॅनोमीटरला निघाली. फरक दीड नॅनोमीटरहूनही कमी, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या हिश्शापेक्षा जास्त नाही. पण त्यामुळे ओळखीची रेघ बाजूला पडली आणि किरीटाची रेघ अनोळखी ठरली. नव्या जागी बसेल असं एकही मूलद्रव्य माहीत नव्हतं. त्या गूढ द्रव्याला ‘कोरोनियम’ हे नाव आधीच मिळालेलं होतं. आता त्याचा पत्ता तेवढा अचूक झाला.

अचूक पत्त्याची किंमत चाळीस वर्षांनी कळली. मेघनाद साहा यांच्या 1920 च्या समीकरणाने तापमान आणि अणूंमधून सुटणारे इलेक्ट्रॉन यांचं नातं समजावलं होतं. 1939 नंतरच्या काही वर्षांत जर्मनीतले ग्रोट्रियान आणि स्वीडनमधले एडलेन यांनी दाखवून दिलं की कोरोनियम नावाचं काही नाहीच. ती रेघ साध्या लोखंडाची आहे, फक्त त्या लोखंडाच्या 26 पैकी 13 इलेक्ट्रॉन सुटलेले आहेत. इतके इलेक्ट्रॉन झटकायला दहा-वीस लाख अंशांचं तापमान लागतं. सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि त्याच्या बाहेरचा विरळ किरीट लाखो अंशांवर! चुलीपासून लांब जावं तसं जास्त भाजावं, असा हा प्रकार. असं का होतं, याचं पूर्ण उत्तर आजही मिळालेलं नाही.

जेऊरहून परतलेले कॅम्पबेल पुढे लिक वेधशाळेचे संचालक झाले. 1922 मध्ये ऑस्ट्रेलियात वालाल इथल्या ग्रहणात त्यांच्या चमूने ताऱ्यांचा प्रकाश सूर्याजवळ वाकतो हे मोजून आइन्स्टाइनच्या सिद्धांताला बळ दिलं. त्या वाटेवरचा एक मुक्काम आपल्या करमाळा तालुक्यात होता.

सावलीमागे धावणं कसं थांबलं

ग्रहणाची वाट न पाहता किरीट पाहता येईल का? 1930 मध्ये फ्रान्सच्या बर्नार लिओ यांनी पिक दु मिदीच्या उंच शिखरावर दुर्बिणीतच सूर्याच्या तबकडीपुढे आडोसा बसवून ते साधलं. हाच करोनाग्राफ. पण पृथ्वीवर एक अडचण राहतेच. हवा स्वतःच सूर्यप्रकाश विखुरते आणि त्या उजेडात मंद किरीट बुडून जातो. शिवाय अतिनील प्रकाशाचा मोठा भाग ओझोनचा थर खाली येऊच देत नाही. हवेच्या वर जाणं, हाच त्यावर उपाय.

कोडाईकनालची वेधशाळा ज्या संस्थेकडे आहे, त्या बंगळुरूच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेतले जगदेव सिंग 1980 च्या ग्रहणापासून अशा मोहिमांमध्ये होते. ते 16 फेब्रुवारी 1980 चं खग्रास ग्रहण आपल्या शेजारच्या कारवार-रायचूर पट्ट्यातून गेलं होतं. आयुष्यभर मिनिटं गोळा करत फिरलेल्या माणसाला अखंड ग्रहण हवंसं वाटावं, हे ओघानेच आलं. त्या इच्छेतून आणि अनेकांच्या कष्टांतून किरीट पाहणारं ‘व्हीईएलसी’ हे उपकरण तयार झालं.

‘आदित्य-एल1’ 2 सप्टेंबर 2023 रोजी श्रीहरिकोट्याहून निघालं आणि 6 जानेवारी 2024 रोजी पृथ्वीपासून सुमारे 15 लाख किलोमीटरवर, एल1 बिंदूभोवतीच्या कक्षेत स्थिरावलं. तिथून सूर्य कधी मावळत नाही आणि मध्ये पृथ्वीची सावलीही येत नाही. व्हीईएलसी वर्णपटातल्या ज्या तीन रेघा पाहतं, त्यांतली एक 530.3 नॅनोमीटरची आहे. तीच हिरवी रेघ! जिचा खरा पत्ता 1898 मध्ये विजयदुर्ग आणि जेऊरच्या काचांवर सापडला, तिच्याकडे आज भारताची अवकाशातली दुर्बीण पाहते.

दुसरा धागा पुण्याचा. याच यानावरची ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुकाच्या नेतृत्वाखाली बनली. दुर्गेश त्रिपाठी आणि ए. एन. रामप्रकाश यांनी तिची धुरा वाहिली. ती 200 ते 400 नॅनोमीटरमधला प्रकाश 11 गाळण्यांमधून टिपते. डिसेंबर 2023 मध्ये तिने घेतलेली सूर्याच्या संपूर्ण तबकडीची चित्रं प्रसिद्ध झाली. 22 फेब्रुवारी 2024 च्या एक्स 6.3 वर्गाच्या मोठ्या सौरज्वालेचे वेधही तिने घेतले. आयुकाची स्थापना 1988 ची, म्हणजे तख्तसिंहजी वेधशाळेला बरोबर शंभर वर्षं झाली तेव्हाची. हा योगायोगच, पण दोन्हींमधला फरक योगायोगाचा नाही. पहिली संस्था एका माणसावर उभी होती. दुसरी विद्यापीठांतल्या शिक्षक-विद्यार्थ्यांसाठी म्हणूनच काढलेली, पहिल्या संचालकांनंतरही चालत राहिलेली. नारळीकरांचं खरं कर्तृत्व त्यांच्या संशोधनाइतकंच या घडणीतही आहे, असं मला वाटतं.

आणखी एक गोष्ट. डिसेंबर 2024 मध्ये युरोपचं ‘प्रोबा-3’ हे जोडयान आपल्याच पीएसएलव्ही रॉकेटवरून गेलं. त्यातलं एक यान चंद्र होतं आणि सुमारे दीडशे मीटरवरचं दुसरं त्याच्या सावलीत कॅमेरा धरतं. प्रत्येक फेरीत सहा तासांपर्यंत ग्रहण. जेऊरच्या 40 फुटी कॅमेऱ्याचीच ही पुढची पायरी, फक्त आता चंद्रही घरीच बनवलेला.

हे कुणाच्या उपयोगाचं?

दुष्काळाच्या जिल्ह्यात हा प्रश्न विचारला जाणारच आणि तो रास्त आहे. उत्तराची सुरुवातही महाराष्ट्रातच आहे. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून आलेल्या महावादळाने मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतल्या चुंबकमापकांना जोराचा हिसका दिला. त्या नोंदी आजही अभ्यासल्या जातात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून 1904 मध्ये हे काम अलिबागला हललं. 1859 मध्ये बिघडण्यासारखं होतं ते फार तर तारायंत्र. आज विजेच्या वाहिन्या, उपग्रह, विमानांचे मार्ग, शेतकऱ्याच्या मोबाइलवर येणारा हवामानाचा अंदाज, सगळं त्या वादळांच्या टप्प्यात आहे. मे 2024 मध्ये लडाखच्या हानले इथून आकाश लाल झालेलं दिसलं, ते अशाच वादळामुळे. ही वादळं किरीटातूनच सुटतात. त्यांचा आगाऊ अंदाज द्यायचा, तर किरीट कसा तापतो आणि कसा फाटतो, हे कळायला हवं.

पण उपयोगापलीकडेही काही आहे, आणि माझ्या दृष्टीने या इतिहासातला खरा प्रश्न तोच आहे. 1898 मध्ये जेऊरला टिपलेला सूर्य काचांवर बसून कॅलिफोर्नियाला गेला आणि पुण्याला गेला. जेऊरकडे काय उरलं? ज्यांनी पेट्या उतरवल्या, खड्डे खणले, पाणी आणलं, त्यांच्यापर्यंत त्या काचांवर काय सापडलं हे कधी पोहोचलं असेल, असं वाटत नाही. ज्ञान आपल्या रानातून गेलं, जशी गाडी स्टेशनातून न थांबता जाते.

आज परिस्थिती निराळी आहे. 6 जानेवारी 2025 रोजी इस्रोने ‘आदित्य-एल1’ची निरीक्षणं सर्वांसाठी खुली केली. सोलापूर विद्यापीठातली एखादी मुलगी, करमाळ्याच्या कॉलेजातला एखादा मुलगा ती उतरवून घेऊ शकतो. त्यासाठी शिफारसपत्र लागत नाही की बोटीचं तिकीट. लागतो तो भौतिकशास्त्र नीट शिकवणारा शिक्षक, चालू स्थितीतला संगणक आणि ‘हे आपल्याला जमेल’ असं सांगणारं कुणीतरी. दुर्बिणी उभ्या राहिल्या, तरी माणसांची साखळी तुटली तर काय होतं, हे 1912 मध्ये पुण्याने पाहिलं आहे.

म्हणून एक छोटी सूचना करतो. जेऊर स्टेशनवर एक साधा फलक लागावा. त्यावर तारीख, नायगमवाला आणि कॅम्पबेल ही दोन नावं आणि हिरव्या रेघेविषयी चार ओळी असाव्यात. विजयदुर्ग दर ऑगस्टमध्ये आपल्या ओट्याची आठवण काढतो. आपल्याकडे तर छापील अहवालाचा पुरावा असलेला वारसा आहे. करमाळ्याच्या एखाद्या शाळेच्या सहलीने तिथे उतरावं, गुरुजींनी मुलांना सांगावं की सव्वाशे वर्षांपूर्वी भरदुपारी इथे अंधार झाला होता आणि त्या अंधारात जगातली काही माणसं डोळे उघडे ठेवून उभी होती. त्यातल्या एखाद्या पोराने विचारलं, ‘गुरुजी, मग ती हिरवी रेघ अजून आहे का?’ तर त्याला सांगायला उत्तर तयार आहे. आहे. आणि ती तूही बघू शकतोस.